प्रकाशनापूर्वीची टीका : द्वैभाषिक तांत्रिक लेखनाच्या संपादनाविषयी

१

टीका म्हणजे प्रसिद्ध झालेल्या कृतीचे मूल्यमापन, अशी समजूत सामान्यतः रूढ आहे. ग्रंथ छापून वाचकांच्या हाती येतो आणि त्यानंतर टीकाकाराचे कार्य सुरू होते. परंतु टीकेचा आणखी एक प्रकार आहे. तो कृती प्रसिद्ध होण्यापूर्वी, खर्ड्याच्या समासात लिहिला जातो आणि कृती प्रसिद्ध होताच बहुधा नाहीसा होतो. संपादकाने व परीक्षकाने लेखकाला दिलेला अभिप्राय हा तो प्रकार होय. मजकुरात बदल झालेला असतो. पण तो कोणाच्या सांगण्यावरून झाला, कोणत्या कारणाने झाला आणि लेखकाने तो मान्य केला की केवळ सहन केला, हे वाचकाला कळण्याचा मार्ग नसतो. पुरावाच उरत नसल्यामुळे वाङ्मयविचारात या टीकेची दखल क्वचितच घेतली गेली आहे.

ज्या थोड्या ठिकाणी हा पुरावा उघडा राहतो, तेथे या टीकेचे स्वरूप तपासता येते. इंग्रजी व स्पॅनिश या दोन भाषांतून संगणकीय कार्यपद्धती शिकविणारे ‘द प्रोग्रामिंग हिस्टोरियन’ हे नियतकालिक असे एक ठिकाण आहे. त्याच्या निमित्ताने एका मूलभूत प्रश्नाचा विचार करता येतो. एका भाषेत घडलेली चांगल्या गद्याची कल्पना दुसऱ्या भाषेतील खर्ड्याला लावण्याचा अधिकार संपादकाला कितपत आहे, आणि ती लावली असता काय हरवते, हा तो प्रश्न.

२

या उपक्रमाचा आरंभ २००८ साली कॅनडात झाला. वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातील विल्यम टर्केल व ॲलन मॅकएकर्न या दोन इतिहासकारांनी इतिहासाच्या अभ्यासकांसाठी पायथन या संगणकीय भाषेचे प्राथमिक पाठ लिहिले. २०१२ मध्ये त्याला परीक्षकांकडून तपासल्या जाणाऱ्या, सर्वांना विनामूल्य खुल्या असलेल्या नियतकालिकाचे रूप आले. २०१७ मध्ये स्पॅनिश आवृत्ती निघाली. तिच्या पहिल्या संपादकमंडळात व्हिक्तोर गायोल, मारिया होसे आफानादोर-याच आणि आंतोनियो रोहास कास्त्रो हे तिघे होते. म्हणजे मेक्सिको, कोलंबिया व स्पेन या तीन देशांतील स्पॅनिश एका मेजाभोवती बसली होती. पुढे २०१९ मध्ये फ्रेंच आणि २०२१ मध्ये पोर्तुगीज आवृत्ती आली. तथापि येथील विवेचन इंग्रजी व स्पॅनिश या जोडीपुरतेच मर्यादित आहे, कारण दुसऱ्या भाषेचा प्रश्न प्रथम याच जोडीत उभा राहिला.

संपादनाची रीत अशी. खर्डा आल्यावर तो एका संपादकाकडे सोपविला जातो. तो स्वतः वाचून प्रथम सूचना करतो, मग परीक्षकांना पाचारण करतो आणि शेवटी त्यांच्या अभिप्रायांचा मेळ घालून लेखकाला काय करावयाचे ते सांगतो. हा सारा व्यवहार गिटहब या सार्वजनिक व्यवस्थेवर, कोणालाही वाचता येईल असा चालतो. प्रसिद्ध झालेल्या पाठावर लेखकाबरोबर संपादक व परीक्षक यांची नावे येतात; भाषांतर असल्यास भाषांतरकाराचे व भाषांतर तपासणाऱ्याचेही नाव येते. मतभेद विकोपास गेला तर दाद मागण्यासाठी एक लोकपालही नेमलेला असतो. स्पॅनिश खर्ड्यावरील चर्चा स्पॅनिशमध्येच होते. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण तशी ती नाही. ज्या भाषेत लेख लिहिला त्याच भाषेत त्याचे दोष ऐकावयास मिळणे, हा लेखकाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे.

३

तांत्रिक पाठाचा खर्डा निबंधाहून एका बाबतीत वेगळा असतो. निबंध पटतो किंवा पटत नाही. पाठ चालतो किंवा चालत नाही. लेखकाने सांगितलेल्या आज्ञा वाचकाने आपल्या यंत्रावर दिल्या आणि अपेक्षित फळ मिळाले नाही, तर गद्य कितीही सुंदर असले तरी ते निष्फळ होय. म्हणून अशा खर्ड्याच्या परीक्षकाचे पहिले कर्तव्य वाचण्याचे नसून करून पाहण्याचे असते.

या दृष्टीने अभिप्रायांच्या तीन जाती सांगता येतील. पहिली वस्तुस्थितीविषयीची : अमुक आज्ञा चुकीची आहे, अमुक फाइल उघडत नाही. दुसरी रचनेविषयीची : वाचकाला जे अद्याप सांगितलेले नाही ते येथे गृहीत धरले आहे. तिसरी भाषेविषयीची : वाक्य दुर्बोध आहे, शब्द योग्य नाही. पहिल्या जातीत वादाला जागा नसते. दुसरीत संपादकाची खरी कसोटी लागते, कारण जाणत्याला अजाणत्याच्या जागी बसून वाचावे लागते. तिसरीत मात्र संपादकाच्या आवडीनिवडी, त्याचे शिक्षण आणि त्याचा प्रदेश हे सारे नकळत शिरते.

अभिप्रायाचे मोल त्याच्या कठोरपणावरून किंवा सौजन्यावरून ठरत नाही. त्यावरून लेखकाला काही करता येते की नाही, यावरून ठरते. ‘हा भाग स्पष्ट नाही’ असे लिहिणारा परीक्षक आपली अडचण सांगतो, लेखकाची सोडवीत नाही. ‘दुसरी आज्ञा दिल्यावर पडद्यावर काय दिसले पाहिजे ते सांगितलेले नाही, त्यामुळे आपले चुकले की बरोबर आले हे वाचकाला समजत नाही’ असे लिहिणारा परीक्षक दोष दाखवितो, त्याचे कारण देतो आणि दुरुस्तीची दिशाही सुचवितो. पहिल्या वाक्यापुढे लेखक फक्त खजील होऊ शकतो; दुसऱ्यापुढे तो कामाला लागू शकतो. टीकाशास्त्रात निर्णय आणि विश्लेषण यांत जो भेद केला जातो, तोच येथे अत्यंत व्यावहारिक रूपात दिसतो.

४

द्वैभाषिकतेमुळे या तीन जातींमधील सीमा पुसट होतात. भाषेची म्हणून केलेली सूचना वस्तुस्थितीची ठरते, आणि वस्तुस्थितीची म्हणून केलेली सूचना निव्वळ सवयीची निघते. काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

इंग्रजीतील ‘इव्हेन्च्युअली’ या क्रियाविशेषणाचा अर्थ ‘अखेरीस’ असा आहे. स्पॅनिशमधील त्याच्यासारखा दिसणारा ‘एव्हेन्तुआल्मेन्ते’ हा शब्द ‘प्रसंगवशात्’, ‘झालेच तर’ असा अर्थ देतो. आज्ञावली अखेरीस थांबते, हे विधान भाषांतरात आज्ञावली कदाचित थांबेल असे झाले, तर वाचकाला ते यंत्राच्या वर्तनाविषयीचे निराळेच सत्य म्हणून कळते. तीच गोष्ट संख्येची. इंग्रजी ‘बिलियन’ म्हणजे एकावर नऊ शून्ये. स्पॅनिश ‘बियोन’ म्हणजे एकावर बारा. ज्या पाठात नोंदींची मोजदाद आहे, तेथे हा शब्द तसाच ठेवणारा भाषांतरकार हजारपटीने चुकतो. अशा ठिकाणी भाषेचा परीक्षक आणि तंत्राचा परीक्षक वेगळे ठेवणे म्हणजे दोघांनाही आंधळे करणे होय.

याहून सूक्ष्म प्रकार उदाहरणांचा आहे. मजकुरातील शब्द सुटे काढण्यासाठी ‘ए’पासून ‘झेड’पर्यंतची अक्षरे तेवढी घ्यावीत, असा नियम इंग्रजी मजकुरावर बहुतेक निर्वेध चालतो. स्पॅनिश मजकुराला तो लावला तर ‘एन्ये’ हे अक्षर आणि आघातचिन्हे असलेले स्वर त्याच्या बाहेर पडतात; ‘नीन्यो’, म्हणजे मूल, हा शब्द मध्येच तुटून त्याचे दोन तुकडे होतात. ‘एन्ये’वरील चिन्ह काढून टाकून सारे सरळ करावे, असा सोपा उपाय कोणी सुचवील, परंतु मग ‘वर्ष’ या अर्थाचा ‘आन्यो’ हा शब्द शरीराच्या एका गुह्य भागाचा वाचक बनतो, आणि ऐतिहासिक कागदपत्रांत ‘वर्ष’ हा शब्द किती वेळा येतो हे सांगावयास नको. मूळ पाठात काहीही चूक नसता आणि भाषांतरातही एकही शब्द चुकलेला नसता, भाषांतरित पाठ खोटा ठरू शकतो, तो असा.

आडनावांचेही असेच. नावातील शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, हे गृहीत धरणारी आज्ञावली इंग्रजी नावांना साधारणपणे चालते. स्पॅनिश रीतीत पित्याकडचे आडनाव आधी व मातेकडचे नंतर येते. गाब्रिएल गार्सिया मार्केस या लेखकाची नोंद ‘गार्सिया’खाली व्हावयास हवी, पण अशी आज्ञावली ती ‘मार्केस’खाली करील. वर्णक्रमाचा इतिहास तर आणखी उद्बोधक आहे. स्पॅनिश अकादमीच्या कोशात १८०३ पासून ‘सी’ व ‘एच’ यांची जोडी आणि दुहेरी ‘एल’ यांना स्वतंत्र अक्षरांचे स्थान होते. १९९४ मध्ये अकादमींच्या संघटनेने त्यांचा वेगळा क्रम रद्द केला आणि २०१० च्या शुद्धलेखनग्रंथात ती वर्णमालेतूनही गेली. सत्तावीस अक्षरे उरली. त्यामुळे १९५० साली छापलेल्या सूचीशी आज यंत्राने लावलेला क्रम जुळला नाही तर दोष यंत्राचा नाही व सूचीचाही नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे सांगणे पाठाचे कर्तव्य आहे. इंग्रजी मुळात त्याचा उल्लेख नाही, म्हणून स्पॅनिश पाठातही तो नको, असा अभिप्राय देणारा परीक्षक मुळाशी प्रामाणिक राहील, पण वाचकाशी राहणार नाही.

दशांशचिन्हाची गोष्ट अशीच आहे. मेक्सिकोत बिंदू वापरतात. स्पेन, अर्जेंटिना, चिली येथे स्वल्पविराम रूढ आहे. स्वल्पविरामाने स्तंभ वेगळे करणारी फाइल ज्या यंत्रावर स्वल्पविराम हेच दशांशचिन्ह आहे तेथे उघडली, तर गोंधळ उडतो. म्हणून तेथे पुष्कळदा अर्धविराम वापरला जातो. पाठातील एक विरामचिन्ह बदलल्यामुळे वाचकाची दुपार वाया जाऊ शकते. मुद्रितशोधन आणि आशयपरीक्षण यांत अंतर आहे असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

५

याच्या उलट, काही सूचना वस्तुस्थितीच्या आवेशात येतात, पण त्यांच्या तळाशी केवळ सवय असते. संगणकाला स्पेनमध्ये ‘ओर्देनादोर’ म्हणतात, मेक्सिकोत ‘कोम्पुतादोरा’, कोलंबियात ‘कोम्पुतादोर’. फाइलीला स्पेनमध्ये ‘फिचेरो’ हा शब्द परिचित आहे, तर अमेरिका खंडात ‘आर्चीव्हो’. कोलंबियन लेखकाच्या खर्ड्यातील ‘कोम्पुतादोर’ खोडून ‘ओर्देनादोर’ लिहिणारा परीक्षक चूक सुधारीत नाही. तो लेखकाला आपल्या गावात आणून बसवितो. संपादकाने पाहावयाचे ते एवढेच, की एका पाठात एकाच वस्तूला एकच नाव असावे आणि दुसऱ्या देशातील वाचकाला ते अडू नये. वाचकाला ‘तू’ म्हणावे, ‘आपण’ म्हणावे की अर्जेंटिनातील ‘व्होस’ वापरावे, या प्रश्नालाही हाच न्याय लागू आहे. इंग्रजीत ‘यू’ या एका सर्वनामाने हा प्रश्न मिटतो. स्पॅनिशमध्ये लेखकाला पहिल्याच वाक्यात वाचकाशी नाते ठरवावे लागते.

परंतु ‘लिब्रेरिया’ या शब्दाची गोष्ट निराळी. आज्ञावलींच्या संग्रहाला इंग्रजीत ‘लायब्ररी’ म्हणतात. त्याच्या साम्यावरून स्पॅनिशमध्ये ‘लिब्रेरिया’ लिहिण्याची चाल पडली, पण त्या शब्दाचा अर्थ पुस्तकांचे दुकान असा आहे. ग्रंथालय म्हणजे ‘बिब्लिओतेका’. येथे संपादकाने आग्रह धरणे रास्त आहे. तथापि चाल इतकी पसरली आहे, की नवशिक्याला दोन्ही शब्द माहीत करून देणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. सवय कोठे संपते आणि चूक कोठे सुरू होते, हे ओळखणे म्हणजेच संपादकाचा विवेक.

वाक्यरचनेच्या बाबतीत हा विवेक अधिक कठीण होतो. इंग्रजी तांत्रिक गद्याचा आदर्श आखूड वाक्यांचा व आज्ञार्थी क्रियापदांचा आहे. ‘फाइल उघडा. नाव द्या. जतन करा.’ स्पॅनिश विद्वत्तापूर्ण गद्यात कर्ता मागे ठेवणारी रचना आणि कारण-परिणाम एकाच वाक्यात गुंफणारी दीर्घ वाक्ये स्वाभाविक मानली जातात. कृती सांगताना आखूड वाक्याचा लाभ निर्विवाद आहे, कारण वाचकाचा एक डोळा पडद्यावर असतो. परंतु पद्धतीमागील विचार मांडताना तोच नियम लावला, तर विचाराचे दुवे तुटतात. म्हणून ‘वाक्ये लहान करा’ ही सरसकट सूचना आळशी होय. कोणते वाक्य हातासाठी आहे आणि कोणते बुद्धीसाठी, हे पाहूनच ती करावयास हवी.

या नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांत जगभरच्या वाचकांसाठी लिहावे, असे कलम आहे. विनोद, श्लेष, वाक्प्रचार आणि स्थानिक संदर्भ टाळावेत. व्यक्ती व संस्था यांची ओळख करून द्यावी, असे त्याचे तात्पर्य. हे कलम हितावह आहे, कारण त्यामुळे इंग्रजी लेखकाला आपला वाचक केवळ आपल्या देशातला नाही याची आठवण राहते. पण त्याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. स्थानिक संदर्भ काढून टाकला म्हणजे जे उरते ते सर्वांचे असते, असे नाही. पुष्कळदा ते प्रबळ भाषेचे असते. आरंभीच्या पाठांत उदाहरण म्हणून लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील १७८० सालचा बेंजामिन बाउसी याचा खटला घेतला आहे. इंग्रजी वाचकाला तो तटस्थ नमुना वाटतो. बोगोतातील विद्यार्थ्याला तो परक्या भाषेतील, परक्या शहरातील मजकूर असतो. अशा पाठाचे भाषांतर तपासताना उदाहरण तसेच ठेवावे की स्पॅनिश कागदपत्र घ्यावे, हा प्रश्न टाळता येत नाही. तसेच ठेवले तर आज्ञा निश्चित चालतात, पण त्या आपल्या सामग्रीवर कशा वापराव्यात हे वाचकाला कळत नाही. बदलले तर वर सांगितलेल्या सर्व अडचणी उभ्या राहतात आणि भाषांतरकाराला सहलेखक व्हावे लागते. दुसरा मार्ग अधिक कष्टाचा आहे. पण शिकविणे हाच हेतू असेल तर तोच अधिक सच्चा आहे.

६

उघड्या परीक्षणाच्या पद्धतीवर एक आक्षेप घेता येण्याजोगा आहे. तरुण लेखकाचा कच्चा खर्डा आणि त्यावरील प्रतिकूल अभिप्राय सर्वांसमोर कायम राहतो. दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्याला हा संकोच अधिक जाणवतो. शिवाय परीक्षकाचे नाव उघड असल्यामुळे तो गोड बोलून स्पष्ट बोलण्याचे टाळील, असाही धोका आहे. आक्षेप निराधार नाही. परंतु गुप्त परीक्षणात ज्या सूचना निव्वळ सवयीतून येतात त्यांना जाब विचारणारा कोणी नसतो. येथे ‘हा शब्द चुकीचा आहे’ असे म्हणणाऱ्याला दुसऱ्या देशातील सहकारी ‘आमच्याकडे तो बरोबर आहे’ असे उत्तर देऊ शकतो, आणि ते उत्तर पुढच्या संपादकाच्या उपयोगी पडते. अशा नोंदी साठत गेल्या म्हणजे एका भाषेतील तांत्रिक गद्याची परंपरा त्यातून घडत जाते. केवळ सिद्ध झालेल्या पाठांवरून ती शिकता येत नाही.

स्पॅनिश आवृत्तीचा आरंभ भाषांतरांनी झाला. २०१८ मध्ये बोगोता येथे स्पॅनिशमधून पाठ लिहू पाहणाऱ्यांसाठी कार्यशाळा भरली. पुढे मूळ स्पॅनिश पाठ आले आणि त्यांतील काही इंग्रजीतही गेले. संपादकीय अभिप्रायाचे यश मोजावयाचे तर ते या प्रवासावरून मोजले पाहिजे. दुसऱ्या भाषेतील लेखकाला उत्तम भाषांतरकार बनविणारे संपादन उपयुक्त होय. त्याला मूळ लेखक होऊ देणारे संपादन श्रेष्ठ होय. पहिल्यासाठी मुळाशी ताडून पाहणारी दृष्टी पुरते. दुसऱ्यासाठी, ज्या भाषेत खर्डा आहे तिच्यातच चांगल्या गद्याचे निकष शोधण्याची तयारी लागते.

मराठीतील तांत्रिक लेखनाला हा प्रश्न दूरचा नाही. ‘मराठी’ हा शब्द लिहिणाऱ्याला तीन अक्षरांचा वाटतो. यंत्राच्या युनिकोड नोंदीत काना व वेलांटी धरून त्याची पाच चिन्हे होतात. पायथनमधील शब्द ओळखण्याचे नेहमीचे चिन्ह वापरले, तर काना आणि वेलांटी ही अक्षरे मानली जात नाहीत, आणि ‘मर’ व ‘ठ’ असे दोन तुकडे हाती येतात. इंग्रजी पाठाचे निर्दोष मराठी भाषांतर करून ते ‘भाषा सुबोध आहे’ अशा शेऱ्यासह संमत करणारा परीक्षक ही चूक पाहणार नाही, कारण त्याने पाठ वाचलेला असेल, करून पाहिलेला नसेल. शब्दांची शुद्धता तपासणे हा संपादनाचा आरंभ आहे. आपल्या भाषेतील मजकूर हाती घेऊन, सांगितल्याप्रमाणे करून, जे घडते ते लेखकाला नेमकेपणाने कळविणे, हे त्या टीकेचे खरे कार्य होय.